आधुनिक चित्रकार आणि त्यांचं ज्यू असणं: पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

रविवारी सकाळी आम्ही काही जण जमून चित्रं बघतो. मी बोलते, बाकीचे हरकती घेतात. मार्क शगाल या ज्यू चित्रकाराची स्लाइड लागली की ठरावीक प्रश्न येतातच, आणि मग आठवडाभर फोनवर त्यांची पिलावळ येत राहते. दर वेळी तेच टाइप करून कंटाळले, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते. सोप्यापासून अडचणीच्या प्रश्नांकडे असा साधारण क्रम आहे. तेच दळण दोनदा नको म्हणून मध्ये मध्ये प्रश्नांचे क्रमांक दिलेत.

१. ‘ज्यू चित्रकार’ नेमकं कोणाला म्हणायचं? धर्म पाळणाऱ्याला?

तसं ठरवलं तर निम्मी नावं गळतील. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे आई ज्यू असेल तर मूल ज्यू. रीतसर धर्मांतर करूनही होता येतं. पण कामिय्य पिसारोचं काय करायचं? तो नास्तिक, शिवाय राज्यसंस्थाच नको म्हणणारा. शेतं, बाजार, पॅरिसचे रस्ते रंगवणारा. तरी १८९४ साली द्रेफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्यावर हेरगिरीचा खोटा आळ आला आणि पुढच्या काही वर्षांत फ्रान्स दुभंगला, तेव्हा पिसारो द्रेफसच्या बाजूने उभा राहिला आणि देगासारख्या जुन्या मित्राने त्याच्याकडे पाठ फिरवली. स्वतः मानलेली ओळख वेगळी आणि लोकांनी कपाळावर मारलेली वेगळी.

आडनाव ऐकून माणसाची जात काढायची खोड आपल्यालाही आहे. चित्रांच्या बाबतीत ती बाजूला ठेवा. मी एवढंच विचारते: चित्रकाराचं ज्यू असणं या चित्रात काही काम करतंय का? करत असेल तर बोलू. नसेल तर तो त्याच्या चरित्राचा भाग, चित्राचा नाही.

(‘ज्यू’ की ‘यहुदी’? दोन्ही चालतात. मी सवयीने ज्यू लिहिते.)

२. ज्यू धर्मात चित्र काढायलाच बंदी आहे ना? मग इतके चित्रकार आले कुठून?

दहा आज्ञांतली दुसरी आज्ञा मूर्ती घडवून तिची पूजा करू नका असं सांगते. तिचा अर्थ किती ताणायचा हे काळाप्रमाणे आणि गावाप्रमाणे बदलत गेलं. सिरियात फुरात नदीकाठी दुरा-युरोपोस इथे तिसऱ्या शतकातलं एक सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, १९३२ साली उकरून काढलं गेलं. त्याच्या भिंती बायबलमधल्या मोशे, यहेज्केल वगैरेंच्या चित्रांनी भरलेल्या निघाल्या. त्यामुळे ‘ज्यूंना चित्र वर्ज्य’ हे विधान सरसकट खरं नाही.

मात्र पूर्व युरोपातल्या कर्मठ घरांत माणसाचं चित्र काढणं हे वाया गेलेल्या पोराचं लक्षण समजलं जाई, हेही खरं. शिवाय कला-अकादम्यांची दारं ज्यूंना एकोणिसाव्या शतकात हळूहळू उघडली. चित्रकारांचा लोंढा त्यानंतरचा आहे.

३. ‘ज्यू शैली’ अशी काही असते का?

माझ्या मते नाही. शगाल, मोदिल्यानी आणि रॉथ्को यांची चित्रं शेजारी टांगा. एक रेघ सारखी निघायची नाही. याउलट मत असणारेही आहेत. लंडनमध्ये राहिलेल्या आर. बी. किताज या अमेरिकन चित्रकाराने १९८९ साली जाहीरनामाच लिहिला: एकाच वेळी दोन-तीन समाजांत राहणाऱ्या, कुठेच पूर्ण न रुजलेल्या माणसाची चित्रकला वेगळी असते, असा. पण ते वेगळेपण त्याने विस्थापनात शोधलं, रंग लावण्याच्या पद्धतीत नव्हे. त्यामुळे मला तो माझ्याच बाजूचा वाटतो. त्याला वाटला नसता.

४. चित्रात ज्यू खुणा ओळखायच्या कशा?

पांढरी, काळ्या किंवा निळ्या पट्ट्यांची, टोकांना गोंडे असलेली शाल म्हणजे तालित. प्रार्थनेच्या वेळी पांघरतात. कपाळावर आणि दंडावर चामड्याच्या पट्ट्यांनी बांधलेल्या काळ्या डब्या म्हणजे तेफिलिन. गुंडाळी केलेला मोठा धर्मग्रंथ म्हणजे तोरा. सात फांद्यांचा दीपवृक्ष म्हणजे मेनोरा. फांद्या नऊ असतील तर तो हनुक्का सणाचा.

षट्कोनी ताऱ्याबाबत मात्र घाई नको. आपल्या पूजेच्या यंत्रांत षट्कोन आहे, दिल्लीत हुमायूनच्या कबरीवरही सहा टोकांचे तारे आहेत. तारा दिसला की ‘ज्यू’ असा शिक्का मारणारे फोटो मला महिन्यातून एकदा तरी येतात.

५. शगालची माणसं हवेत का उडतात? स्वप्नं का ती?

स्वप्न म्हणून मोकळं होऊ नका. मार्क शगाल १८८७ साली आजच्या बेलारूसमधल्या विटेब्स्क भागात जन्मला. वडील हेरिंग माशांच्या वखारीत कामाला, घर धार्मिक, घरची भाषा यिद्दिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची बोली. त्याच्या चित्रातली बरीच ‘गंमत’ यिद्दिश वाक्प्रचारांतून येते.

‘विटेब्स्कवरून’ या चित्रात पाठीवर झोळी टाकलेला म्हातारा घरांच्या वरून चाललेला दिसतो. यिद्दिशमध्ये दारोदार फिरणाऱ्या भिकाऱ्याबद्दल तो ‘घरांवरून जातो’ असं म्हणतात. शगालने ते शब्दशः रंगवलं. ‘सात बोटांचं स्वतःचं चित्र’ हे १९१२-१३ मधलं. त्यात कॅनव्हासकडे गेलेल्या डाव्या हाताला खरोखर सात बोटं आहेत, कारण यिद्दिशमध्ये ‘सातही बोटांनी’ काम करणं म्हणजे काही हातचं न राखता करणं. त्याच चित्रात वर हिब्रू लिपीत ‘पॅरिस’ आणि ‘रशिया’ लिहिलंय. खिडकीत आयफेल टॉवर, डोक्याजवळच्या ढगात गावाकडचं चर्च.

कल्पना करा, एखाद्या मराठी चित्रकाराने भुकेल्या माणसाच्या पोटात काव काव करणारे कावळे काढले. आपण लगेच हसू. जपानी माणूस मात्र त्यात अतिवास्तववाद शोधत बसेल. शगालपुढे आपण त्या जपानी माणसाच्या जागी असतो.

६. शगाल ज्यू, मग त्याने क्रुसावरचा येशू का रंगवला?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. ‘पांढरं क्रुसारोहण’ हे चित्र १९३८ सालचं. त्या वर्षी जर्मनीत सिनेगॉग जाळली गेली.

मधल्या येशूच्या कमरेकडे बघा. तिथलं वस्त्र साधं फडकं नाही, काळ्या पट्ट्यांचं तालित आहे (प्रश्न ४). वर शोक करायला देवदूत नाहीत, जुन्या करारातली ज्यू माणसं आहेत. उजवीकडे सिनेगॉग पेटलंय. डावीकडे लाल झेंडे घेतलेला जमाव, उलटीपालटी झालेली घरं, आणि माणसांनी खच्चून भरलेली नाव. खाली एक जण तोरा छातीशी धरून पळतोय. हिरव्या डगल्यातला एक जण पाठीवर गाठोडं घेऊन निघालाय, प्रश्न ५ मधल्या म्हाताऱ्याच्या कुळीतला. खाली डाव्या कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याच्या गळ्यातली पाटी कोरी आहे. तिच्यावर आधी जर्मनमध्ये ‘मी ज्यू आहे’ असं लिहिलं होतं. शगालने नंतर ते रंगाने बुजवलं.

ख्रिस्ती युरोपात शतकानुशतकं ज्यूंवर ‘तुम्ही येशूला मारलंत’ हा आरोप होत आला. शगाल त्यांचीच प्रतिमा उचलतो आणि म्हणतो, हा आमच्यातला होता, आणि तुम्ही त्याला पुन्हा मारताय. मला हे चित्र प्रार्थनेपेक्षा फिर्यादीसारखं वाटतं. पुढे त्याने ख्रिस्ती चर्चसाठी रंगीत काचाही केल्या, त्यामुळे काही ज्यूंना त्याचा राग होता. तो अगदीच अनाठायी होता असं मी म्हणणार नाही.

७. येशूला ज्यू दाखवणारा शगाल पहिलाच का?

नाही, आणि आधीच्याला ते महागात पडलं. माक्स लीबरमान या जर्मन ज्यू चित्रकाराने १८७९ साली ‘बारा वर्षांचा येशू मंदिरात’ रंगवलं. रस्त्यावर दिसेल असा ज्यू पोरगा, आखूड विस्कटलेले केस, अनवाणी, हातवारे करत पंडितांशी वाद घालणारा. म्युनिकच्या प्रदर्शनात गदारोळ झाला, प्रकरण बव्हेरियाच्या विधिमंडळापर्यंत गेलं. लीबरमानने मुलगा पुन्हा रंगवला. आज हँबुर्गमध्ये दिसतो तो लांब सोनेरी केसांचा, पायात चपला घातलेला शहाणा बाळ. मूळचा कसा होता हे त्याच्या रेखाटनावरून कळतं. दोन्ही शेजारी ठेवून बघा. लोकांना नेमकं काय खुपलं ते लगेच दिसतं.

हाच लीबरमान पुढे प्रशियाच्या कला-अकादमीचा अध्यक्ष झाला. १९३३ साली नाझी आल्यावर त्याने अकादमी सोडली, १९३५ मध्ये वारला. पत्नी मार्था मागे राहिली. छावणीत नेणार हे कळल्यावर १९४३ साली तिने जीव दिला.

८. मॉरित्सी गॉटलिब या पोलिश ज्यू चित्रकाराने स्वतःलाच मृत दाखवलं, ही दंतकथा ना?

दंतकथा नाही. ‘योम किप्पूरला सिनेगॉगमध्ये प्रार्थना करणारे ज्यू’ हे १८७८ सालचं चित्र. योम किप्पूर म्हणजे उपास आणि प्रायश्चित्ताचा दिवस. या गर्दीत गॉटलिबने स्वतःला वेगवेगळ्या वयांत तीनदा रंगवलंय, वर बायकांच्या सज्जात लाउरा, जिच्याशी ठरलेलं त्याचं लग्न मोडलं होतं ती. आणि तोराच्या मखमली आवरणावर हिब्रूत लिहिलंय की हे ‘कै. मोशे गॉटलिब’ यांच्या स्मरणार्थ दिलेलं आहे. मोशे म्हणजे तो स्वतः. पुढच्याच वर्षी तो खरोखर गेला, वय २३.

९. मोदिल्यानी आणि सुतीनच्या चित्रात मला ज्यू असं काहीच दिसत नाही. माझं काही चुकतंय का?

नाही चुकत. मोदिल्यानी इटलीतल्या लिव्होर्नोचा, सुसंस्कृत सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेन-पोर्तुगालकडच्या ज्यूंच्या, घरातला. पॅरिसमध्ये ‘मी मोदिल्यानी, ज्यू’ अशी स्वतःची ओळख करून द्यायचा म्हणतात. ओळखीत सांगायचा, चित्रात फारसं नाही. त्याच्या लांब मानांचं नातं आफ्रिकी मुखवट्यांशी आणि सिएनाच्या जुन्या चित्रांशी जास्त आहे.

सुतीनचं प्रकरण गुंतागुंतीचं. मिन्स्कजवळच्या खेड्यातला, कर्मठ आणि दरिद्री घरातला. १९२५ च्या सुमारास त्याने अख्खा बैल सोलून स्टुडिओत टांगला आणि रंगवत बसला. मांस सुकून रंग उतरला की वर रक्त ओतायचा. वासाने शेजारी हैराण झाले, आरोग्य खात्याची माणसं आली. मूळ प्रेरणा रेम्ब्रांटच्या लूव्हरमधल्या बैलाची. पण कोशर, म्हणजे ज्यू धर्माच्या नियमांप्रमाणे केलेल्या, स्वयंपाकात मांस भिजवून, मीठ लावून, रक्ताचा थेंब न् थेंब काढतात, हे माहीत असलं की त्या लाल रंगाकडे पुन्हा बघावंसं वाटतं. हा माझा अंदाज. सुतीनने तसं म्हटलेलं नाही, म्हणून पैज लावणार नाही.

१०. आणि ज्याने फक्त निसर्ग रंगवला, त्याचं काय?

इसाक लेव्हितान. व्होल्गाकाठचं त्याचं निसर्गचित्र हे रशियाचा आत्मा मानलं जातं. त्याच रशियाने त्याला ज्यू म्हणून मॉस्कोतून दोनदा बाहेर काढलं, १८७९ मध्ये आणि पुन्हा १८९२ मध्ये. झाडाला धर्म नसतो; पण बर्च कुठे उभं राहून रंगवायचे याची परवानगी लागणारा माणूस एवढं मोकळं आकाश काढतो, हे कळल्यावर चित्र थोडं बदलतं खरं. बाकी कसोटी प्रश्न १ चीच.

११. रॉथ्कोचे नुसते रंगाचे पट्टे म्हणजे ‘मूर्ती नको’ या आज्ञेचा परिणाम का?

ऐकायला छान वाटतं, म्हणून सगळे लिहितात. मार्कुस रॉथ्कोविट्झ १९०३ साली आजच्या लाटव्हियात जन्मला, लहानपणी हिब्रू पाठशाळेत बसला, १९१३ मध्ये अमेरिकेला गेला. एवढ्यावरून पट्ट्यांना धर्मशास्त्राची खुंटी ठोकायची? मालेविच, मोंद्रियान, कांदिन्स्की हेही अमूर्त चित्रं काढणारे, त्यांतलं कोणीच ज्यू नव्हतं. आणि आपले वासुदेव गायतोंडे? न्यूयॉर्कला जाऊन आलेले, रॉथ्कोशी सतत तुलना होणारे. त्यांचं बोलणं झेनबद्दल.

बार्नेट न्यूमन या अमेरिकन ज्यू चित्रकाराबाबत मात्र मी एवढी ठाम नाही. तो चित्रांना ‘अब्राहाम’, ‘करार’ अशी नावं देतो. १९५८ ते १९६६ या काळात केलेल्या चौदा चित्रांना त्याने क्रुसाच्या वाटेवरचे टप्पे म्हटलं आणि जोडीला येशूचा ‘मला का सोडलंस?’ हा आक्रोश ठेवला. ते शब्द मुळात जुन्या करारातल्या बाविसाव्या स्तोत्रातले, म्हणजे ज्यूंचेच. कॅनव्हासवर फक्त उभ्या रेघा आहेत. तिथे ज्यू असणं काम करतं, पण शीर्षकातून.

१२. इतक्या जणांनी नावं का बदलली? लाज वाटत होती?

लाज, सोय, गिऱ्हाईक, दुकानाच्या पाटीवर मावेल असं नाव. कारणं मिसळलेली असतात. रॉथ्कोविट्झचा रॉथ्को १९४० साली झाला, तेव्हा वातावरण काय होतं ते सांगायला नको.

फिलिप गोल्डस्टाइनचा फिलिप गस्टन झाला आणि त्याला पुढे ते बोचत राहिलं. १९७० च्या प्रदर्शनात त्याने टोकदार बुरखे घातलेली कू क्लक्स क्लानची माणसं आणली. ही संघटना काळ्यांच्या जोडीने ज्यूंनाही छळणारी. गस्टनने बुरखेवाले मोटारीत, सिगारेट ओढताना रंगवले. एका चित्रात तर बुरखेवाला स्वतःचंच चित्र काढत बसलाय. म्हणजे बुरख्याआड चित्रकारच. तेव्हा समीक्षकांनी त्याला झोडपलं. मला ते त्याचं सर्वांत प्रामाणिक काम वाटतं.

१३. छळछावण्यांच्या काळातलं एकच चित्र बघायचं असेल तर कोणतं?

फेलिक्स नुसबाउमचं ‘ज्यू ओळखपत्रासह स्वतःचं चित्र’, १९४३ च्या सुमाराचं. आकाराने लहान, साधारण छप्पन बाय एकोणपन्नास सेंटिमीटर.

उंच भिंतीच्या कोपऱ्यात माणूस सापडलाय. डोक्यावर हॅट, गालावर वाढलेली दाढी. एका हाताने कोटाची कॉलर वर केलीय, त्यामुळे नाझींनी ज्यूंना सक्तीने लावायला लावलेला पिवळा तारा दिसतो. दुसऱ्या हातात ओळखपत्र; त्यावर लाल अक्षरांत फ्रेंच आणि डच भाषेत ‘ज्यू’. जन्मगाव वाचता येत नाही असं पुसट, राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात ‘नाही’. भिंतीपलीकडे फांद्या छाटलेलं झाड. डोळे तुमच्याकडे, म्हणजे कागद मागणारे तुम्ही आहात. चित्र बघायला आलेला माणूस नकळत शिपायाच्या जागी उभा राहतो. माझ्या वर्गात या स्लाइडला दर वेळी एक जण तरी अर्धं पाऊल मागे सरकतो.

हे काढलं तेव्हा तो ब्रसेल्समध्ये लपून होता. प्रसंग घडलेला नाही, घडेल म्हणून रंगवलेला. जून १९४४ मध्ये तो पकडला गेला आणि बेल्जियममधून आउशविट्झच्या छळछावणीला गेलेल्या शेवटच्या गाडीत त्याला कोंबलं. परतला नाही.

दुसरं नाव शार्लोट सालोमोन. फ्रान्समध्ये लपून तिने १९४० ते १९४२ मध्ये शेकडो जलरंगी पानांत आपलं आयुष्य रंगवलं, मजकूर आणि गाण्यांच्या सूचनांसकट. १९४३ मध्ये आउशविट्झला मारली गेली तेव्हा २६ वर्षांची, गरोदर. तिला परिच्छेदात उरकणं बरं नाही. तिच्यावर वेगळा रविवार घेऊ.

१४. हिटलरने ‘भ्रष्ट’ ठरवलेले चित्रकार सगळे ज्यू होते ना?

उलट. म्युनिकमध्ये १९३७ साली ‘भ्रष्ट कला’ म्हणून जे प्रदर्शन भरवलं, त्यातल्या ११२ कलावंतांपैकी ज्यू फक्त सहा. एमिल नोल्डं तर स्वतः नाझी पक्षात होता, तरी त्याचीही चित्रं टांगली. पाउल क्ले ज्यू नसताना त्याला ‘गॅलिशियन ज्यू’ म्हणून हिणवलं गेलं. ‘ज्यू’ हा तिथे शिवीसारखा वापरलेला शब्द होता. आवडलं नाही त्याला चिकटवायचा.

१५. मेक्सिकोची चित्रकार फ्रिडा कालो अर्धी ज्यू होती का? आणि अमृता शेरगिल?

फ्रिडा आपले वडील हंगेरियन ज्यू असल्याचं सांगायची आणि जुन्या पुस्तकांत तसंच छापलंय. २००५ मध्ये दोन जर्मन संशोधकांनी कागदपत्रं तपासली तेव्हा तिचा बाप गिलेर्मो कालो जर्मनीतल्या लुथरन ख्रिस्ती घरातला निघाला. मग तिने तसं का सांगितलं? हिटलरच्या काळात जर्मन असण्यापासून लांब राहायला, असा एक तर्क आहे. मला पटतो. म्हणजे ज्यू नसताना स्वतः लावून घेतलेली ओळख. प्रश्न १४ मधल्या क्लेच्या बरोब्बर उलट.

अमृताची आई हंगेरियन, माहेरची गोट्टेसमान. त्या आडनावावरून बरेच लेख अमृताला ज्यू करून मोकळे होतात. तिचा बाप्तिस्मा कॅथलिक पद्धतीने झाला होता. चित्रांत शोधाल तर अजिंठा सापडेल, गोगँ सापडेल. तालित सापडणार नाही.

१६. महाराष्ट्रातलं कोणी आहे का या यादीत?

आहे. बेने इस्राएल हा ज्यू समाज कोकणात कित्येक शतकं राहिला. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून ‘शनवार तेली’. आडनावं पेणकर, रोहेकर, केहीमकर. प्रश्न १ मधली आडनावावरून ओळखायची युक्ती इथे साफ फसते. घरात एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याची अग्निरथातली तसबीर, आणि त्याच्या नावाने पोहे, खोबरं, फळं घालून केलेला मलिदा. मूर्ती वर्ज्य, पण तसबीर भिंतीवर. प्रश्न २ चं उत्तर एवढ्यातच आहे.

याच समाजातल्या सिओना बेंजामिन. १९६० साली मुंबईत जन्म, शिक्षण जे. जे. मध्ये, आता अमेरिकेत. त्यांच्या चित्रांतल्या बायका निळ्या असतात. अमेरिकन प्रेक्षक ‘कृष्ण?’ विचारतो, त्या हा रंग आकाश-समुद्राचा, कुठल्याच एका वंशाचा नसलेला म्हणून वापरतात. मुघल लघुचित्रांची चौकट, अनेक हात देवीचे, आणि हातांची मांडणी मेनोऱ्यासारखी. इथे खुणा शोधाव्या लागत नाहीत, उलट कोणती खूण कोणाची हे सोडवत बसावं लागतं.

अनीश कपूरबद्दलही विचारतात. ते मुख्यतः शिल्पकार, म्हणून थोडक्यात: आई बगदादी ज्यू, आणि आईचे वडील पुण्याच्या लाल देवळात, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉगमध्ये, प्रार्थना गात.

आणखी एक धागा आश्रयदात्यांचा. नाझींमुळे युरोप सोडून मुंबईत आलेले समीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन, व्हिएन्नाचे संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर, आणि ज्यू पत्नीमुळे देश सोडावा लागलेले चित्रकार वॉल्टर लँगहॅमर. १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह गटातल्या आरा, हुसेन, रझा, सूझा यांना या मंडळींनी युरोपची चित्रं दाखवली, त्यांच्यावर लिहिलं, त्यांची चित्रं विकत घेतली.

१७. मूळ चित्रं बघायची तर जायचं कुठे?

‘पांढरं क्रुसारोहण’ शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये. मुलं-सुना तिकडे असतील तर पुढच्या फेरीत एक दिवस काढा. सात बोटं अ‍ॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात, शार्लोटची पानं त्याच शहरातल्या ज्यू संग्रहालयात. गॉटलिब तेल अवीवला. नुसबाउम त्याच्या जन्मगावी, ओस्नाब्रुकला. ओळखपत्रावर जे नाव वाचता येत नाही तेच गाव.

मुंबईतच असाल तर जहांगीर आर्ट गॅलरीतून बाहेर पडून काळा घोड्यापाशी केनेसेथ एलियाहूमध्ये डोकावा. १८८४ सालचं सिनेगॉग. भिंतींवर माणसाचं एकही चित्र नाही, पण दुपारी रंगीत काचांतून उजेड आत येतो. सोबत ओळखपत्र ठेवा, दारावर मागतात.